औषध थुकणारं पोर: आधी बघा, ते नेमकं कशाला नको म्हणतंय

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक तक्रार ठरलेली: "ताई, औषद पाजलंय तर सगळा माझ्याच अंगार थुकल्यान. दुसरा काय गोड आसा काय?" त्यांना बाटली बदलून हवी असते. मी आधी विचारते, पोराचं वजन किती, एका वेळी किती मिली देता, कशाने देता आणि थुकतं म्हणजे नक्की कधी थुकतं? तोंडात गेल्या गेल्या, अर्धं गिळून झाल्यावर, की पाच मिनिटांनी उलटीतून? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण थबकतात. पाजताना घरात एवढा गोंधळ असतो की हे कुणी बघितलेलंच नसतं. पण उपाय त्या उत्तरावर अवलंबून असतो. तोंडच न उघडणारं पोर, गालात धरून ठेवून मग सोडणारं पोर आणि गिळून ओकणारं पोर यांची कारणं वेगवेगळी, आणि नुसती चव बदलून यातलं फार तर एक सुटतं.

खालचं सगळं साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी काही पाजत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

मुळात हे औषध द्यायला हवंय का?

थर्मामीटर शंभर-एकशे एक दाखवतंय, पण पोर खळ्यात कोंबडीच्या मागे धावतंय, पेज पितंय, हसतंय. मग पॅरासिटामॉल घशात उतरवायची घाई कशाला? ते औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं असतं. ताप किती दिवस राहणार ते मूळ आजार ठरवतो, बाटली नाही. पोर किरकिरतंय, अंग दुखून झोपत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नको म्हणतंय, अशा वेळी द्या आणि तेव्हा डोस नीट पोटात जाईल हे बघा. दिवसातली दोन भांडणं इथेच वाचतात.

खोकल्याच्या सिरपचं तर आणखी सोपं आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित सिरपमुळे लहान मुलं दगावली. मूत्रपिंडं निकामी झालेली त्यातली काही मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत, देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा त्यांची शिफारस नाही. तेव्हा दीड वर्षाच्या मुलाला खोकल्याचं औषध कसं पाजू, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर "पाजू नका" असं असतं. कोमट पाणी द्या, नाक मोकळं करा, आणि वर्ष पूर्ण झालं असेल तर रात्री अर्धा चमचा मध चाटवा. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, अगदी घरच्या पोळ्याचा असला तरी नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते रुजतात.

अँटिबायोटिक, फिटचं औषध, जुलाबातलं झिंक, रक्तवाढीचं लोहाचं औषध यांना मात्र अशी सूट नाही. ती पोटात जायलाच हवीत. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

गालात धरतं आणि मग सोडतं: मिली मोजा

तोंड उघडतं, पहिला घोट घेतं, दुसऱ्या-तिसऱ्याला सगळं हनुवटीवरून खाली. अशा तक्रारीत मी चवीआधी मिली बघते. दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडाला सात-आठ मिली कडवट, चिकट पातळ औषध म्हणजे बरंच झालं. आणि तेच औषध कमी मिलीत मिळू शकतं हे बहुतेक घरांत माहीतच नसतं.

पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. मुलाचा डोस वजनावर ठरतो, किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी 150 मिलिग्रॅम सांगितलं असं धरू. बाजारात बाटल्या तीन प्रकारच्या दिसतात. पाच मिलीत 120 मिलिग्रॅमवाली घेतली तर हा डोस सव्वासहा मिली होतो. पाच मिलीत 250 वाली घेतली तर तीन मिली. आणि एका मिलीत 100 मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स घेतले तर दीड मिली. औषध तेवढंच, पण पोराला गिळायचं आहे ते चौथ्या हिश्श्याहून कमी.

अँटिबायोटिकचंही तसंच. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक अ‍ॅसिडचं ड्राय सिरप, म्हणजे घरी पाणी घालून करायची पावडरची बाटली, पाच मिलीत 228.5 मिलिग्रॅमचं येतं आणि 457 चंही येतं. दुसऱ्यात मिली निम्म्याने कमी. डॉक्टर सहसा हातात असलेली सवयीची बाटली लिहून देतात, "पोर जास्त घेत नाही, कमी मिलीतलं चालेल का?" असं विचारलं तर बहुतेक वेळा चिठ्ठी बदलून देतात. हा प्रश्न तपासणीच्या खोलीतच विचारा. मी माझ्या मनाने चिठ्ठीतली ताकद बदलू शकत नाही, तुम्हीही घरी बदलू नका.

ही सगळ्यात उपयोगी युक्ती आहे आणि सगळ्यात धोक्याचीही. गणपतीत हे हमखास होतं. चाकरमानी मुंबईहून येतात, बॅगेत मुलाची तापाची बाटली असते. आरत्या, जागरणं, पाऊस, पोर तापतं, तिसऱ्या दिवशी बाटली संपते. मग काका बाजारात जाऊन त्याच नावाची बाटली आणतात आणि आई सवयीने तेच सहा मिली भरते. मुंबईची बाटली 120 ची होती आणि ही 250 ची असली तर डोस दुप्पट झाला. ड्रॉप्सची बाटली असेल आणि त्यातून सहा मिली ओतले तर चौपट. पॅरासिटामॉलचा जादा डोस यकृतावर बसतो आणि सुरुवातीला मुलाकडे बघून काहीच कळत नाही. नाव तेच, खोका तसाच, चित्रातलं हसरं बाळही तेच. म्हणून नाव वाचायच्या आधी "प्रत्येक 5 मिलीमध्ये" किंवा "प्रत्येक मिलीमध्ये" लिहिलेली ओळ वाचा आणि झाकणावर मार्करने तो आकडा मोठा लिहून ठेवा. एका घरात दोन वेगळ्या ताकदीच्या बाटल्या नकोत. नवी आणली की जुनी बाद.

पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत चार ते सहा तास अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत, हेही तिथेच लिहून टाका. घरात आई, आजी, आत्या अशा तीन जणी औषध देणाऱ्या असल्या तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर वेळ टिपायची. "मी दिलं नव्हतं" आणि "मीपण दिलं" यात एक डोस सहज जास्त जातो.

आणि पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. आपल्याकडे या दिवसांत डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) सगळंच फिरत असतं. ताप कशाचा हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिडचं सिरप स्वतःहून देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नाहीच. दोन औषधांचं मिश्रण असलेल्या तापाच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं. त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं की पुन्हा दुप्पट.

तोंडच उघडत नाही: चमचा बाजूला ठेवा

स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. पोह्याचा, चहाचा, सरबताचा, प्रत्येक घरात वेगळा. कुणाचा तीन मिलीचा, कुणाचा सात मिलीचा. शिवाय भरलेला चमचा तोंडापर्यंत आडवा न्यायचा, तोवर पोराला कळतं काय येतंय, आणि ते हाताने उडवतं. मग किती सांडलं, किती गेलं, कुणाला माहीत.

पाच मिलीची साधी सिरिंज घ्या, सुई काढून. कुठल्याही मेडिकलमध्ये पाच-दहा रुपयांत मिळते. सुई आणि सुईवरचं छोटं टोपण दुकानातच आमच्याकडे टाकून जा. ते टोपण पोराच्या घशात अडकेल एवढंच असतं. औषध ओढल्यावर सिरिंज उभी धरून हवेचा बुडबुडा बाहेर काढा, नाहीतर माप चुकतं. वापरून झाली की कोमट पाण्याने धुवा, दट्ट्या वेगळा करून वाळवा. नाही धुतली तर रात्रीत मुंग्या लागतात, कोकणात हे सांगायला नको.

आता पाजायची रीत. आपल्याकडे जुन्या बायका पाय लांब करून बसतात, पोराला पायांवर उताणं घेतात, एक जण हात धरते, दुसरी नाक दाबते आणि बोंडल्याने किंवा चमच्याने औषध घशात ओततात. "आमची सगळी पोरां अशीच वाडली मगे!" वाढली खरी. पण उताण्या, रडणाऱ्या मुलाच्या घशात पातळ औषध ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ठसका लागणं हा त्याचा साधा प्रकार. फुप्फुसात उतरलं तर मामला रुग्णालयात जातो. रडताना मूल जोरात श्वास आत ओढतं, आणि नाक दाबलेलं असेल तर तो श्वास तोंडातूनच येणार, औषधासकट. आजीला हे भांडून सांगू नका, तिच्या हातात सिरिंज द्या. एकदा जमलं की घरात सगळ्यात सफाईने तीच देते, असा माझा अनुभव.

मुलाला मांडीवर उभट बसवा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. त्याचा एक हात तुमच्या बगलेमागे जाऊ दे, दुसरा तुमच्या हाताने हलकेच धरा. फारच वळवळत असेल तर पंचात गुंडाळा. सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून आत, गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत. समोरून जिभेवर नाही, आणि जिभेच्या मागे तर नाहीच, तिथे स्पर्श झाला की उमासा येतो. गालाच्या बाजूने गेलं की जीभ ते बाहेर ढकलू शकत नाही. एका वेळी अर्धा ते एक मिली सोडा, थांबा, गिळलेलं गळ्यावर दिसलं की पुढचा. पाच मिलीला मिनिटभर लागलं तर लागू दे. रडायला लागलं तर हात आवरा. रडणं ओसरून ते श्वास घेऊन शांत होईल, मग पुढे. झोपेतल्या मुलाच्या तोंडात औषध सोडायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतः दट्ट्या ढकलायला द्या. निम्मं त्याच्या हाताने, निम्मं तुमच्या. "औषध घ्यायचं का?" असं विचारू नका, उत्तर तुम्हाला माहीत आहे. "आजीच्या मांडीवर बसून की बाबाच्या?" असं विचारा. आणि औषधाला चॉकलेट किंवा खाऊ म्हणू नका. आज ते फसून पिईल, उद्या फळीवरची बाटली खाऊ समजून स्वतःच उघडेल. "नाही घेतलंस तर डॉक्टर सुई मारतील" हेही बंद करा. पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच ते अंग टाकतं, आणि तुमच्या धमकीची किंमत डॉक्टर मोजतात.

कडू लागतं: आणि इथे कोकम दगा देतं

काही औषधं खरंच कडू असतात. अशा वेळी कोकणी घरात पहिला हात जातो तो कोकम सरबताकडे. गोड, रंगीत, पोरांना आवडतं. बाकी कशासाठीही द्या, पण अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या दोन अँटिबायोटिक्सबरोबर नको. ही मुळात अतिशय कडू. पातळ औषधात तो कडूपणा मुद्दाम झाकलेला असतो. आंबटाशी गाठ पडली की झाकलेलं उघडं पडतं आणि पोराच्या तोंडात ती कडवट चव बराच वेळ राहते. मग आई म्हणते, "सरबतात दिलं तरी थुकलं!" सरबतात दिलं म्हणूनच थुकलं. लिंबू, संत्र्याचा रस, दही यांचंही तेच. आमरस गोड लागतो, पण तोही आंबट जातीचाच. मे महिन्यात घरात हापूस असला तरी या औषधांपुरता तो दूर ठेवा.

यांना चालतं ते आंबट नसलेलं आणि दाट: कुस्करलेलं वेलची केळं, चॉकलेट सिरप, शहाळ्यातली कोवळी मलई वाटून. एकच चमचा घ्यायचा, त्यात औषध कालवायचं, लगेच द्यायचं. कालवून ठेवायचं नाही, थोड्या वेळाने ते जास्त कडू होतं. औषध कशात कालवलेलं चालतं हे आधी लेबलवर बघा किंवा आम्हाला विचारा. लोहाचं औषध दुधात देऊ नका, चहात तर नाहीच. दोन्हींनी लोह अंगी लागत नाही. ते गालाच्या आतल्या बाजूला सोडा आणि वर पाणी द्या, नाहीतर दात काळवंडतात. ते डाग कायमचे नसतात, पण आज्या घाबरतात.

दुधाच्या बाटलीत किंवा वाटीभर पेजेत औषध घालण्याचा मोह आवरा. पोर निम्मी पेज पितं आणि उरलेल्या निम्म्यात किती औषध राहिलं हे कुणाला सांगता येत नाही. वर आजारात पोटात जाणारी एकमेव गोष्ट, ती पेज, तिच्यावरच त्याचा संशय बसतो. हा संशय लवकर जात नाही.

थंडाने जीभ जरा बधिर होते, ते मात्र कामाला येतं. औषधाआधी बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून चाटायला द्या, किंवा गार पाण्याचे दोन घोट. नंतर लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी. इथे हवं तर काकवीचं बोट चाटवा, मऊभात द्या, काहीही. रात्रीचा डोस झाला की पाणी पाजा, ही सिरपं साखरेने भरलेली असतात.

दोन दिवस घेतलं, तिसऱ्या दिवशी बिथरलं

ही तक्रार मला सगळ्यात आवडते, कारण इथे पोराचा दोष बहुधा नसतो. पावडरची बाटली नीट हलवली जात नाही. ठेवलेल्या ताकासारखं वर पाणी राहतं आणि खाली चोथा बसतो. पहिले डोस पातळ आणि बेचव, पोर खुशीने पितं, डोस मात्र कमी पडतो. तळाशी जावं तसं औषध दाट आणि कडू होत जातं आणि डोस जास्त. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवा, तळाला काही चिकटलेलं दिसत नाही इतकी. उजेडासमोर धरून बघा.

बाटली करतानाही चुका होतात. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. विहिरीचं तसंच नाही आणि कोमटही नाही. आधी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून हलवा, पावडरचे गठ्ठे मोडा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेस धरून भरलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस जड होतो. दमट हवेत जुन्या बाटलीतली पावडर दगड झालेली असेल तर परत आणा. जमत नसेल तर दुकानातच करून घ्या, आम्ही कुणालाही करून देतो.

तयार अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. क्लॅरिथ्रोमायसिन उलट फ्रिजमध्ये ठेवू नका, घट्ट होतं आणि आणखी कडू. लेबल वाचण्याला पर्याय नाही. आता प्रश्न विजेचा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. साध्या पावसातही आपल्याकडे एखादी फांदी तारेवर पडली की रात्र गेली. तासा-दोन तासांनी बिघडत नाही, फ्रिज उघडू नका म्हणजे झालं. दिवसभर वीज येणार नसेल तर बाटली घट्ट पिशवीत बांधून माठाजवळच्या गारव्यात ठेवा आणि तेवढ्यात डॉक्टरांना फोन करा. याच औषधाच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या फ्रिजवाचून राहतात आणि चमचाभर पाण्यात विरघळतात. आमच्याकडे जिथे वीज बेभरवशाची, तिथे जूनपासूनच मी डॉक्टरांना त्या लिहा म्हणते.

गिळतं, पण ओकतं

आधी वेळ बघा. दुधाने पोट तट्ट भरलेलं असताना औषध दिलं, किंवा सकाळी कफ दाटलेला असताना, की उलटी आलीच. पोट अर्धं रिकामं असताना द्या, झिंक सोडून. झिंक रिकाम्या पोटी मळमळ करतं. जुलाबात ते 14 दिवस द्यायचं असतं, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम. आशाताई देतात त्या गोळ्या चमचाभर पाण्यात विरघळतात. जुलाब चार दिवसांत थांबले तरी गोळ्या संपवा.

पॅरासिटामॉल देऊन अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकलं तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. अर्ध्या तासानंतर ओकलं तर पुन्हा नको, पुढच्या वेळेलाच. दुसरा डोसही ओकला तर तिसरा देऊ नका. बाकी औषधांचं, विशेषतः फिटच्या औषधाचं, डॉक्टरांना विचारूनच.

दोन-तीन औषधं एकदम असतील तर एकामागोमाग ढकलू नका. सगळ्यात महत्त्वाचं आधी, मग थोड्या वेळाने दुसरं. कुठलं महत्त्वाचं, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 1, 2, 3 असे आकडे घालून घ्या.

उलट्या-जुलाबात ओआरएस पितच नाही म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ते ग्लासने पाजायचा प्रयत्न चाललेला असतो. एक-दोन मिनिटांनी एक छोटा चमचा किंवा सिरिंजमधून पाच मिली, एवढंच. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. थोडी पावडर पेल्यात टाकून अंदाजे केलेलं जास्त खारट होतं आणि पोर बरोबरच थुकतं, ते घेऊही नये. तयार केलेलं चोवीस तासांत संपवा. खोक्यातली फळांची गोड पेयं ओआरएस नाहीत. त्यांच्या नावात ओआरएस वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. जुन्या सवयीने कुणी मागितली तर मी देत नाही, मग ते शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

काहीच जमलं नाही तर

अँटिबायोटिकचे डोस चुकत असतील तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. दिवसातून तीनदा द्यायच्या औषधाऐवजी कधी कधी एकदाच द्यायचं चालतं, विरघळणारी गोळी चालते, तापासाठी शौचाच्या जागेतून द्यायची सपोझिटरी मिळते. तीही मुलाच्या वजनाप्रमाणेच घ्यायची आणि तोंडाने दिलेल्या डोसाशी हिशोब जुळवायचा. ती उन्हाळ्यात वितळते, तेव्हा दुकानातून थेट घरी न्या, स्कूटरच्या डिकीत विसरू नका.

आणि काही वेळा औषध थुकणं ही गोष्टच महत्त्वाची राहत नाही. पोर काहीच पीत नाही, सगळं ओकतं, आठ तासांत लघवी झाली नाही, उठवूनही नीट जागं होत नाही, झटके आले, मान ताठ झाली, छाती आत ओढली जाते, किंवा शांत असताना श्वास मिनिटाला 40 च्या वर आहे (वर्षाच्या आतल्या बाळात 50), तर सिरिंज खाली ठेवा आणि 108 लावा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. चुकून जादा डोस गेला असेल तर मूल बरं दिसलं तरी न्या, बाटली बरोबर घेऊन.

फोन करायचा असेल तर आधी बाटली हातात घ्या. "लाल रंगाचं, गोड वासाचं" यावरून मला किंवा डॉक्टरांना काही कळत नाही. मुलाचं वजन, लेबलवरची मिलिग्रॅमची ओळ, शेवटचा डोस किती वाजता, त्यातलं अंदाजे किती बाहेर आलं, एवढं सांगा. सिरप ओघळून लेबल चिकटलं असेल, अक्षरं गेली असतील, तर खोका शोधा. खोका चुलीत गेला असेल तर बाटली फेकून नवी घ्या.